नाक मुरडलं म्हणजे काय केलं?

हातातलं काम खाली ठेवू नका, काम करता करताच ऐका.

मागच्या महिन्यात दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बैठकीला गेले होते. वह्या भरून झाल्या, हप्ते जमा झाले, एकीचं कर्ज मंजूर झालं, दुसरीचं पुढच्या महिन्यावर गेलं. मग चहा आला. माझ्या समोर बसलेल्या एका सुनेनं कप तोंडाशी नेला, तिच्या नाकाच्या दोन्ही अंगांना बारीक सुरकुत्या पडल्या आणि तिनं कप तसाच खाली ठेवला. लगेच कोपऱ्यातून आवाज आला, "घ्या! आमच्या चहाला नाक मुरडलं बाईनं."

चारजणी हसल्या. जिच्या घरी बैठक होती ती मात्र हसली नाही. आणि त्या सुनेनं काय करावं? तिनं तो कप उचलला, डोळे मिटले आणि एका दमात सगळा चहा पिऊन टाकला. पाच मिनिटांनी ती गोठ्याच्या मागे जाऊन ओकत होती. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाली, "मावशी, कोणाला सांगू नका. अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत."

मला हे फार लागलं. का लागलं, तेही सांगते.

पस्तीस वर्षं झाली असतील. मी लग्न होऊन निफाड तालुक्यातल्या शेतकरी घरात आले. माहेरी वडील शिक्षक, घरची शेती नाही. सासरी कांदा. उन्हाळ कांदा चाळीत भरलेला होता. तुम्हाला सांगायला नको, पाऊस लागून राहिला, हवा दमट झाली की चाळीतला कांदा सडायला लागतो. मग सगळ्या बायांनी बसायचं, सडका बाजूला, चांगला बाजूला, गोल्टी बाजूला. पहिल्याच श्रावणात मी त्या चाळीत बसले. सडक्या कांद्याचा वास ज्यांनी घेतलाय त्यांना माहीत आहे, तो नाकात नाही, थेट घशात उतरतो. मला तेव्हा दिवस गेले होते. तीन महिने होईपर्यंत कोणाला सांगायचं नाही, असं आईनं बजावलेलं. मी काहीच बोलले नाही, पदर नाकाशी धरला एवढंच. जाऊबाई म्हणाल्या, "मास्तरांच्या लेकीनं आमच्या कांद्याला नाक मुरडलं."

झालं. त्या दिवसापासून मी घरात नाकमुरडी. पुढं मुलगी झाली, मुलगा झाला, मीच कांदा लासलगावच्या बाजारात घेऊन जायला लागले, भावावर घासाघीस करायला लागले, तरी कोणी पाहुणे आले की हसत हसत सांगायचे, "आमची ही पहिल्यापासून जरा नाकमुरडी." एका मिनिटाची सुरकुती, पण ती पंधरा-वीस वर्षं माझ्या तोंडावर राहिली.

म्हणून हे दोन शब्द मी नीट पाहायचे ठरवले. आज त्याचंच सांगायचंय.

आपल्या मराठीत नाकाचं फार चालतं. नाकावर राग असतो, नाकाला मिरच्या झोंबतात, कामानं नाकी नऊ येतात, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसलं जातं, चूक झाली तर नाक घासावं लागतं. आणि आपल्या जिल्ह्यासाठीच केल्यासारखी ती म्हण, नाकाने कांदे सोलणे, म्हणजे आपण मोठे शुद्ध असल्याचा आव आणणे. चेहऱ्याच्या बाबतीतही नाक एकच काम करत नाही. रागानं नाकपुड्या फुगल्या तर ते नाक फेंदारणं. मान वर करून, समोरच्याला किंमत न देता, झटका दिला तर ते नाक उडवणं. आणि नाकाच्या मुळाशी सुरकुती पडून वरचा ओठ जरा उचलला गेला, तोंड किंचित वाकडं झालं, तर ते नाक मुरडणं. फेंदारण्यात राग आहे, उडवण्यात तोरा आहे. मुरडण्यात नावड आहे, किळस आहे. नथ घातलेली बाई नाक मुरडते तेव्हा आधी नथ हलते, त्यामुळे आमच्या आजीच्या पिढीत ते लपवता येत नसे. हे जाता जाता.

आता मुरडणे हा शब्द. याचा मूळ अर्थ पिळणे, वळवणे, वाकवून दुमडणे. हा शब्द चेहऱ्यावर कमी आणि आपल्या स्वयंपाकघरात जास्त राहतो. करंजी करताना सारण भरून पारी दुमडतो, कडा दाबतो, आणि कातण नसेल तर काय करतो? बोटांनी कडेला मुरड घालतो. थोडं पीठ उचलायचं, दाबायचं, पुढचं त्यावर वळवायचं. दोरखंडाच्या पिळासारखी ती कड दिसते. पुढच्या वेळी कोणी नाक मुरडलं तर नीट बघा, नाकाच्या दोन्ही बाजूंना तशीच बारीक मुरड पडलेली असते. ज्या कोणी हा वाक्प्रचार पहिल्यांदा वापरला, तिनं करंजीची कड पाहिलेली होती असं मला तरी वाटतं.

शेजारच्या भाषांतही हा शब्द आहे. हिंदीत मरोडना, गुजरातीत मरडवुं, दोन्हींचा अर्थ पिळणे. आणि गंमत पाहा, पोटात पीळ पडून दुखतं त्याला आपण मुरडा म्हणतो, हिंदीत त्यालाच मरोड म्हणतात, गुजरातीत मरडो. म्हणजे पोटाचा पीळ आणि नाकाचा पीळ एकाच घरातले. शरीराच्या हिशेबानंही ते खरंच आहे, कारण पोटात ढवळलं की नाक आधी आक्रसतं.

मुरडण्याचा आणखी एक अर्थ आहे, माघारी वळणे. गौरी-महालक्ष्म्या तिसऱ्या दिवशी निघतात तेव्हा बऱ्याच घरांत मुरडीच्या कानवल्यांचा नैवेद्य असतो. का? तर गौरीनं पुन्हा मुरडून यावं, म्हणजे वळून यावं. लेक सासरी निघाली किंवा कोणी लांबच्या प्रवासाला निघालं, तरी हातावर मुरडीचा कानवला ठेवायची रीत आहे. एकाच शब्दात तोंड फिरवणंही आहे आणि परत येणंही आहे. मला हे कळलं तेव्हा मी करंज्या करत होते आणि सारण भरायचं विसरून तशीच बसले होते.

नाक या शब्दाचं वेगळं आहे. संस्कृतात नाकाला नासा, नासिका. इंग्रजीतला नोज हा त्याच नासेचा लांबचा नातलग. आपला नाक मात्र प्राकृतातल्या णक्क या बोलीतल्या शब्दावरून आला. पण नासिका आपल्याकडून पुरती गेली नाही. ती आपल्या जिल्ह्याच्या नावात राहिली.

नाशिकचं नाव कसं पडलं याच्या दोन गोष्टी सांगतात. एक म्हणजे नाशिक नव टेकांवर वसवलं, नऊ शिखरांचं गाव, त्यावरून नाशिक. दुसरी सगळ्यांना माहीत असलेली, पंचवटीत लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक. नाव जुनं आहे एवढं नक्की. पांडवलेण्यांत, म्हणजे त्रिरश्मी लेण्यांत, सातवाहन राजा कण्ह याच्या काळातला एक लेख आहे. लेणं खोदवून घेणारा अधिकारी नासिकचा होता असं त्यात प्राकृतात कोरलेलं आहे. त्याला दोन हजार वर्षांहून जास्त काळ झाला. मधे मोगलांनी गुलशनाबाद नाव ठेवलं होतं, तेही गेलं. नाक राहिलं.

शूर्पणखा या नावातलं शूर्प म्हणजे आपलं सूप, धान्य पाखडायचं. सुपाएवढी नखं असलेली, असा नावाचा अर्थ. रामायणातली गोष्ट आपण ऐकतो ती साधारण नाक कापलं इथेच संपते. त्याच्या आधीचं थोडं आठवा. तिनं रामाला लग्नाचं विचारलं. रामानं तिला लक्ष्मणाकडे पाठवलं, लक्ष्मणानं परत रामाकडे. तिची थट्टा चालली होती, आणि तिला ती थट्टा कळत नव्हती. चिडून ती सीतेच्या अंगावर धावली, तेव्हा लक्ष्मणानं तिचं नाक आणि कान कापले. ती चुकली, सीतेवर धावून गेली, हे मी नाकारत नाही. पण शिक्षा नाकालाच का? कारण नाक म्हणजे अब्रू. आजही मुलीनं मनासारखं लग्न केलं की लोक म्हणतात, घराचं नाक कापलं. मुलाबद्दल हे वाक्य मी फार कमी वेळा ऐकलं आहे. बाईच्या नाकावर घराची अब्रू बसवलेली आहे, म्हणून ते नाक जरा हललं तरी सगळ्यांचं लक्ष जातं.

आता ते हलतं कसं, हे बघू.

नाकाच्या दोन्ही बाजूंना एक बारीक स्नायू असतो. त्याचं लॅटिन नाव लेव्हेटर लॅबी सुपिरिओरिस अलिक्वे नेसाय. हे मी तीन दिवस पाठ करत होते, घरात सगळे हसत होते. अर्थ सोपा आहे, वरचा ओठ आणि नाकपुडी उचलणारा. घाण वास आला, कडू लागलं की हा स्नायू आपण न सांगता ओढला जातो. नाकपुड्या आवळतात, श्वास कमी घेतला जातो, वास कमी आत जातो. नासकं, विषारी असं काही पोटात जाऊ नये म्हणून शरीरानं ठेवलेला हा राखणदार आहे.

तो शिकवावा लागत नाही. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या जिभेला कडू लागलं तर तेही तसंच तोंड करतं. पूर्वी बाळाला गुटी उगाळून देत, तेव्हाचे चेहरे तुम्ही पाहिले असतील. आता डॉक्टर सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका सांगतात आणि ते ऐकावं. पण तो चेहरा आठवा. त्या बाळाला काय गर्व असतो? कोणाला कमी लेखायचं असतं? इंग्लंडचा चार्ल्स डार्विन, ज्यानं जीवसृष्टीच्या उत्क्रांतीचं सांगितलं, त्यानं १८७२ साली माणसांच्या आणि जनावरांच्या चेहऱ्यांवरच्या भावांबद्दल एक पुस्तक लिहिलं. जगभरच्या ओळखीच्या लोकांना पत्रं पाठवून त्यानं विचारलं होतं की तुमच्याकडची माणसं राग, भीती, तिरस्कार कसा दाखवतात. किळसेचं मूळ खाण्यात आणि वासात आहे, हे त्यानं त्यात सांगितलं.

आपल्याकडे हे त्याहून कितीतरी आधी पाहिलेलं होतं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात नटानं नाक कसं वापरावं याचे सहा प्रकार दिले आहेत. त्यातल्या एकाचं नाव विकूणिता, म्हणजे आक्रसलेलं नाक, आणि ते किळस दाखवण्यासाठी. किळस हा नऊ रसांतल्या एका रसाचा, बीभत्साचा, पाया आहे. सहा प्रकारांतला शेवटचा प्रकार मला फार आवडला. त्याचं नाव स्वाभाविकी, काहीच न करणारं साधं नाक.

आता मुद्द्याचं. चेहऱ्यावर जे जे होतं ते आपण मराठीत कसं बोलतो, ते जरा मनात म्हणून पाहा. कपाळाला आठ्या पडल्या. चेहरा उतरला. डोळे भरून आले. तोंड कडू झालं. ओठ थरथरले. या सगळ्या वाक्यांत कोणी काही केलेलं नाही, ते आपोआप झालं. आठ्या पडतात, पाऊस पडतो तशा. पण नाकाच्या बाबतीत आपण काय म्हणतो? तिनं नाक मुरडलं. तिनं. मुद्दाम. पाय मुरडला असं आपण म्हणतो, तिथे पायाचा दोष, बाईचा नाही. पण माझं नाक मुरडलं गेलं असं कोणी म्हणताना ऐकलंय का? मी तरी नाही. बोलण्याची पद्धतच अशी आहे की जे शरीरानं केलं ते बाईनं केलं असं होतं.

आणि दुसरं. नाक नुसतं मुरडत नाही, ते कशाला तरी मुरडलं जातं. आमच्या चहाला. आमच्या कांद्याला. आमच्या घराला. वाक्य पुरं व्हायला समोर कोणाचं तरी काहीतरी लागतंच. म्हणजे वाक्य बोललं गेलं की एक आरोपी आणि एक फिर्यादी तयार झाले. त्या बैठकीत नेमकं तेच झालं. पोटुशी पोर एका बाजूला, आणि जिनं दूध घालून चांगला चहा केला ती दुसऱ्या बाजूला. दोघींमधे काहीच भांडण नव्हतं. तिसरीनं एक वाक्य टाकलं आणि भांडण झालं.

याचा अर्थ नाक नेहमी निष्पाप असतं असं मी म्हणत नाही. सडक्या कांद्याला नाक मुरडणं जन्मानं येतं, पण माणसाला नाक मुरडणं शिकवलं जातं. बाळाला जात कळत नाही. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं, कोणाच्या अंगणात थांबायचं नाही, हे त्याला कोणीतरी चेहऱ्यानंच शिकवतं. तोंडानं कोणी सांगत नाही. आई नाक मुरडते, पोर पाहतं. ज्या पंचवटीत शूर्पणखेचं नाक कापलं म्हणतात, त्याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. सत्याग्रहात बायाही होत्या. मंदिराची दारं बंद ठेवली गेली, आणि तो लढा पुढं काही वर्षं चालला. मागत काय होते? देवाच्या दारात जायला. त्या बंद दाराच्या मागे कित्येक पिढ्यांचं मुरडलेलं नाक होतं.

ते सगळं मागे पडलं असं म्हणायला मला आवडलं असतं. आमच्याच गटातलं सांगते. एका वर्षी आम्ही विक्रीसाठी पापड करायचं ठरवलं. पेठकडून लग्न होऊन आलेली एकजण म्हणाली, नागलीचे करू, माझ्या माहेरी फार छान करतात. तिनं घरून करून आणले. ताटात ते लालसर काळे पापड पाहून दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं आणि नाक मुरडलं. कोणी काही बोललं नाही हं. वास येत नव्हता, चव कोणी घेतली नव्हती. मग नाक कशाला मुरडलं? नागली म्हणजे डोंगरातल्या लोकांचं खाणं, गरिबांचं खाणं, हे मुरडलं. ती बाई ताट झाकून घरी घेऊन गेली, आणि पुढच्या दोन बैठकींना आली नाही.

त्या मुरडणाऱ्या दोघीतिघींत मी होते. नाकमुरडी म्हणवून घेऊन वीस वर्षं रडलेली मी. तिच्या घरी जायला मला पंधरा दिवस लागले. तोवर तिनं तळलेले पापड मुलांनी संपवलेही होते. तिनं मला नागलीची भाकरी आणि खुरासणीची चटणी वाढली, आणि मी खाताना ती माझ्या नाकाकडे बघत होती. अगदी टक लावून. मी भाकरी जेवले, चांगली लागली म्हणून जेवले. पण तिनं विश्वास ठेवला की नाही, मला सांगता येत नाही. पुढं २०२३ साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, शहरात नागलीला भाव आला, आणि आता त्याच पापडांना आमच्याकडे मागणी असते. तेव्हाचे मुरडलेले चेहरे ती विसरली असेल असं नाही.

म्हणून मी आता दोन प्रश्न स्वतःला विचारते. वास आलाय का? चव घेतलीय का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर नाक कशासाठी हलतंय ते तपासायचं. आणि दुसरीचं नाक हललं तर उलट करायचं, आधी तिला विचारायचं, बरं वाटतंय का गं? चहाला आलं जास्त झालं असेल, दुधाला वास लागला असेल, तिला दिवस गेले असतील, तिचं डोकं दुखत असेल. तिला सगळ्यांसमोर सांगायचं नसेल तर तेही तिला राहू द्यायचं. गटाच्या बैठकीत कोणी खायचं-प्यायचं नाकारलं तर त्यावर शेरा मारायचा नाही, असं आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. ठराव लिहिला नाही, पण पाळतो.

मुरडण्याचं अजून एक राहिलं. हा शब्द बाईच्या मागे तीन ठिकाणी लागतो. लहान असताना आजी म्हणते, खाण्याला नाक मुरडू नकोस. मोठी होताना काका-मामा म्हणतात, रस्त्यानं मुरडत चालू नकोस, म्हणजे अंग वळवत, ठुमकत. आणि लग्न झालं की सगळेच म्हणतात, आता हौसेला मुरड घाल. शिकायचं होतं? मुरड घाल. नोकरी करायची होती? मुरड घाल. एकच शब्द. स्वतःहून मुरडलीस तर चूक, आणि दुसऱ्यांनी सांगितल्यावर मन मुरडलं नाहीस तरी चूक. नावड दाखवायची नाही, आवड पुरवायची नाही. मग उरतं ते नाट्यशास्त्रातलं सहावं नाक, काहीच न करणारं. फोटोतल्या आपल्या आज्या-पणज्यांचे चेहरे बघा, किती जणींचं नाक तसं आहे.

माझ्या सासूबाईंचं सांगते आणि थांबते. त्या वेळी चाळीत त्या माझ्याबद्दल काही बोलल्या नव्हत्या, पण मला कोणी नाकमुरडी म्हटलं तर थांबवतही नसत. शेवटच्या आजारात त्यांना जे औषध चालू होतं त्यानं अन्नाचा वास सहन होत नसे. मी मुगाचं कढण करून नेलं. वाटी जवळ नेली तशी त्यांच्या नाकाला मुरड पडली. मी वाटी मागे घेतली. त्या घाबऱ्याघाबऱ्या म्हणाल्या, "मी नाही गं मुरडत. नाक आपलं आपणच मुरडतंय."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चाळीत बसली होतीस, तेव्हा तुला तुझ्या लेकीच्या वेळचे दिवस होते ना?" मी हो म्हटलं. त्यांनी लिंबाची फोड मागितली. ती हुंगत बसल्या, आणि थोड्या वेळानं अर्धी वाटी कढण प्यायल्या.

पुढच्या वेळी आपण आठ्यांबद्दल बोलू. पण त्याआधी तुमच्याकडून एक हवंय. चेहऱ्यासाठी तुमच्या गावात कोणकोणते शब्द चालतात? फुरंगटणे, हिरमुसणे, तोंड वेंगाडणे, तोंडाचा चंबू करणे, हे मला माहीत आहेत. पेठ-सुरगाण्याकडच्या, बागलाणातल्या, येवल्याकडच्या बायांकडे अजून वेगळे असणार. अहिराणी बोलणाऱ्यांकडे तर नक्कीच असतील. शब्द पाठवा, आणि तो कोण कोणाला कधी म्हणतं, तेही त्यासोबत लिहा.